मोनालिसाकडे पाठ करा बाई!

अहो, ऐकलंत का? म्हणजे ऐकलं असणारच, आठवडाभर टीव्हीवर दुसरं होतं काय! पॅरिसच्या लूव्रमधले दागिने हो. 19 ऑक्टोबर 2025, रविवार. आपली धनत्रयोदशी आदल्याच दिवशी झालेली. आपण सोन्याचा भाव ऐकून सराफाच्या पायरीवरून मागे फिरलो, आणि तिकडे चार जणांनी राण्यांचे दागिने लांबवलेसुद्धा! तेही भर उजेडात. सकाळी साडेनऊला. म्युझियम उघडून अर्धा तास झालेला, आत माणसं फिरताहेत…

आणि सांगू का? त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही त्याच दालनात उभे होतो हो. अपोलोचं दालन म्हणतात त्याला. छताला एवढं सोनं की वर बघून बघून मान अवघडते. आमच्या टूरमधल्या डोंबिवलीच्या बाई काचेला नाक लावायच्या बेतात, "एवढाले पाचू खरे असतील का हो?" असं मोठ्यांदा विचारत. पहारेकऱ्याने नुसतं वळून बघितलं, तर बाईंनी पर्सच पोटाशी धरली, जणू यांच्याकडेच माल आहे. बातमी आली तेव्हा पहिला फोन त्यांचाच. मी चकल्या तळत होते, तेलाचे हात. "अहो, मी साधी वाकले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि हे मेले चक्क खिडकीतून आले!" दागिने गेल्याचं दुःख कमी, आणि आपण संशयित ठरलो नाही याचा आनंदच जास्त होता त्यांच्या आवाजात.

तर काय सांगत होते… हां, आले कसे. फर्निचर वरच्या मजल्यावर चढवायला सरकती शिडी बसवलेला ट्रक असतो ना तिकडे, तो आणला. नदीच्या बाजूला रस्त्यावर उभा केला, अंगात पिवळी जाकिटं चढवली. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी काम चाललंय. दोघे वर बाल्कनीत. कटरने खिडकी कापली, आतली काचेची कपाटं कापली, आणि परत त्याच शिडीने खाली, स्कूटरवर बसून पसार. आत म्हणे चार मिनिटंसुद्धा नव्हते. बँकेतल्या लॉकरमधून आपल्याला मंगळसूत्र काढायचं तर नुसत्या सहीला याहून जास्त वेळ जातो.

काय काय गेलं तेही ऐका. नेपोलियनने दुसऱ्या बायकोला, त्या मारी लुईजला, लग्नात दिलेला पाचूंचा हार आणि कानातली. नीलमण्यांच्या सेटमधला मुकुट, हार आणि कानातलं. एकच बरं का, जोडीतलं एकच! तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी, तिचा मोत्यांचा मुकुट, तिची बो-च्या आकाराची भली मोठी पिन… आणि तिचा मोठा राजमुकुट, 1,354 हिरे आणि 56 पाचू असलेला, तो मेल्यांनी पळता पळता खाली पाडला. वाकलेला सापडला. बाकीच्या आठ नगांची किंमत 8 कोटी 80 लाख युरो, आणि इन्शुरन्स? नव्हता! सरकारी माल, सरकारच जबाबदार, असं त्यांच्या मंत्रालयानेच सांगितलं. आमचे हे आमच्या जुन्या स्कूटरचा हप्ता चुकवत नाहीत, आणि तिकडे बघा.

पुढची गंमत तर अशी की म्युझियमच्या डायरेक्टर बाईंना सिनेटपुढे उभं राहून सांगावं लागलं, त्या दालनाच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरा होता एकच, आणि त्याचं तोंड पश्चिमेकडे. बाल्कनी त्यात येतच नव्हती! हे सांगताना त्या बाईंचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. आणि 2014 सालच्या एका तपासणीचा कागद बाहेर आला. कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड काय निघाला होता त्यात? 'लूव्र'! ज्या जर्मन कंपनीचा तो शिडीचा ट्रक, तिने तर चोरीच्याच फोटोवर जाहिरात काढली, की घाई असेल तेव्हा आमचं यंत्र वापरा. आमचे हे त्या पासवर्डवरून इतके हसले, इतके हसले… आणि यांचा स्वतःचा पासवर्ड काय आहे माहितीये? जाऊ दे, भिंतीलाही कान असतात.

पण मला काय वाटतं सांगू का, चोरी झाली म्हणून एवढी बोंब कशाला? त्या वाड्याचं अर्धं नाव चोरीनेच तर झालंय. आता ती तुमची मोनालिसा. तुम्हाला वाटतं तिच्या हसण्यासाठी जग लोटतं? अहो, तिलाही पळवली होती!

1911 चा ऑगस्ट, 21 तारीख. तेव्हा लूव्र सोमवारी बंद असायचं. विन्चेन्झो पेरुजा नावाचा इटलीचा रंगारी, काचा बसवणारा. यानेच आधी तिथल्या चित्रांना काचा बसवायचं काम केलेलं. कामगारांचा पांढरा डगला घातला, तिला भिंतीवरून उतरवली, जिन्यात नेऊन चौकट-बिवकट काढून टाकली. लाकडी फळीवर काढलेलं चित्र, त्यामुळे गुंडाळायची सोय नाही. खाली येतो तर दाराला कुलूप! याने दाराची मूठ काढून बघितली, तरी उघडेना. तेवढ्यात तिथलाच एक प्लंबर आला, आणि त्याने काय करावं? आपल्या किल्लीने दार उघडून दिलं! आपलाच माणूस अडकलाय, असं वाटलं बिचाऱ्याला.

आणि ऐका, दिवसभर कोणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी लुई बेरू नावाचे चित्रकार तिथे बसून चित्र काढायला आले, तर भिंतीवर नुसते खिळे. पहारेकरी म्हणाला, फोटोसाठी नेली असेल हो. बेरूसाहेब थांबले, थांबले, आणि मग म्हणाले, जरा विचारून तरी या. तो फोटोवाल्यांकडे जाऊन आला तेव्हाचा त्याचा चेहरा… मी नाही पाहिला, पण मला दिसतो. गॅसवर दूध ठेवल्याचं पार रस्त्यात आठवलं की आपला होतो, तोच.

मग काय, आख्ख्या शहरावर संशय. अपोलिनेर नावाचा कवी, त्याला उचलून थेट तुरुंगात. का? तर त्याच्याकडे कामाला असलेल्या एकाने पूर्वी लूव्रमधून दगडी मुंडकी चोरली होती. आणि ती विकली कोणाला? पिकासोला! हो, तोच पिकासो. तेव्हा तिशीचा होता. दोघं म्हणे रात्री ती मुंडकी बॅगेत भरून सीन नदीत टाकायला निघाले, काठाने फिरफिर फिरले आणि धीर होईना म्हणून परत आले. पुढे पिकासोला न्यायाधीशापुढे नेलं, तर तो रडायलाच लागला. आणि समोर उभ्या मित्राला ओळख दाखवेना! असं त्याच्याच तेव्हाच्या मैत्रिणीने सांगून ठेवलंय. बाकी कोणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. मैत्रिणीला काय, सगळं माहीत असतं.

पोलिसांचं तर विचारूच नका. चोराच्या अंगठ्याचा ठसा काचेवर सापडला होता. आणि पेरुजाचे ठसे आधीच्या भानगडींमुळे त्यांच्या कपाटात होते. पण काचेवरचा अंगठा डावा, आणि कपाटात नोंद उजव्या हाताची! त्याच्या खोलीवर जाऊन पोलीस चौकशी करून आले, तो म्हणाला, मी कामावर होतो, आणि हे माघारी. दोन वर्षांहून जास्त ती तिथेच, पेटीच्या खोट्या तळाखाली. पॅरिसमध्येच!

तर काय सांगत होते… गर्दी. आठवड्याने लूव्र उघडलं, तर लोकांनी रांगा लावल्या. कशाला? तर रिकामी भिंत बघायला! ते चारच खिळे. काफ्का, तो मोठा लेखक, तोसुद्धा मित्राला घेऊन येऊन बघून गेला. जी बाई घरात होती तेव्हा जिच्याकडे चित्रकार आणि जाणकार सोडून फारसं कोणी वळून बघत नव्हतं, ती गेल्यावर गावभर तिचंच नाव. पेपरांत फोटो, पोस्टकार्डं, गाणी. 1913 च्या डिसेंबरात फ्लॉरेन्समध्ये पेरुजा विकायला गेला आणि सापडला. म्हणाला, मी देशभक्तीने आणली, इटलीची वस्तू इटलीला. बरोबर 5 लाख लिऱ्यांची मागणी होती, ती वेगळी. शिक्षा किती झाली? सात महिने. आणि ही 4 जानेवारी 1914 ला परत लूव्रमध्ये, हिरॉइन होऊन!

त्यातून तिचं आधीचंही काही सरळ नाही. फ्लॉरेन्सच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची ती बायको, लिसा. नवऱ्याने हौसेने चित्र सांगितलं असणार, पण ते त्यांच्या घरी कधी आलंच नाही. लिओनार्दोसाहेबांनी आपल्याजवळच ठेवून घेतलं आणि म्हातारपणी फ्रान्सच्या राजाकडे जाताना बरोबर नेलं. नंतर नेपोलियनने काही वर्षं आपल्या झोपायच्या खोलीत लावलं. आता मला सांगा, दुसऱ्याच्या बायकोचं चित्र…! जाऊ दे.

आता आम्ही गेलो तेव्हाचं. सलग खोल्याच खोल्या, जिने, परत खोल्या. मूळचा किल्ला तो, 1190 च्या सुमाराचा, मग राजवाडा, मग राज्यक्रांतीनंतर 1793 मध्ये म्युझियम. दारातला काचेचा पिरॅमिड 1989 चा, तेव्हा तिथल्या लोकांनी नाकं मुरडली होती, आता सगळे त्याच्याच टोकावर बोट ठेवून फोटो काढतात. आमच्या टूरवाल्याने वेळ दिला जेमतेम दीड तास. मग काय, पळा मोनालिसाकडे! त्या एका खोलीत दिवसाला 20,000 माणूस येतं. दोऱ्या लावून रांग केलेली, आणि समोर बाई दिसतच नाही, दिसतात हात आणि हातांत मोबाईल. पुढे पोचलो. सातारचे मास्तर होते आमच्यात, चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेले. फळ्यावर रंगीत खडूने मोनालिसा काढायचे म्हणे. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एवढीच?" अहो, 77 सेंटिमीटर उंच आणि 53 रुंद, त्यात पुढे बंदुकीची गोळी न लागणारी काच. मास्तरांचा चेहरा असा उतरला ना… मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. आणि काच का आहे? तर 1956 मध्ये एकाने दगड मारला होता. 2022 मध्ये तर एक बुवा टोप घालून, म्हातारी बनून व्हीलचेअरवर आला, जवळ गेल्यावर टुणकन उठला आणि काचेला केक फासला!

मी दुसरीकडे बघितलं म्हणाले ना, तिथेच तर खरी गोष्ट आहे. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर काय असेल? लग्न! व्हेरोनेसे नावाच्या व्हेनिसच्या चित्रकाराचं, 1563 चं. जवळजवळ 10 मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. आणि त्याच्याकडे सगळ्या जगाची पाठ! येशूच्या गोष्टीतलं काना गावचं लग्न ते, जिथे पाहुणे जेवत असताना दारूच संपली. आता यजमानांचं काय झालं असेल सांगा! मग येशूने पाण्याची दारू केली आणि अब्रू राखली.

मी तर तिथे खिळलेच. सव्वाशेच्या वर माणसं, आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललेलं. नवरा-नवरी कुठे? डावीकडे पार टोकाला, कोपऱ्यात! मधोमध येशू आणि त्याची आई. एक बाई जेवण झाल्यावर चक्क दात कोरतेय, एवढे दागिने घालून! वरच्या सज्जात येशूच्या डोक्यावर मटण तोडणं चाललंय. उजवीकडे मांजर उताणं पडून रांजणाला नखं लावतंय. मधे वाजवणारी मंडळी, त्यात पांढऱ्या कपड्यांतला स्वतः चित्रकार आणि लाल कपड्यांतला तो मोठा तिशियन, असं परंपरेने सांगतात. साधूंच्या मठातल्या जेवणघरासाठी काढलेलं हे. चित्रकाराचा मोबदला 324 डुकाट, जेवणखाण आणि वर दारूचं एक पिंप. लग्नातली संपली म्हणून की काय! आणि आता ऐका, हे लूव्रला आलं कसं? 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने भिंतीवरून उतरवून आणलं. परत दिलंच नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, पेरुजाला मात्र तुरुंग झाला.

डोंबिवलीच्या बाईंना हाक मारून दात कोरणारी दाखवली, तर त्या मास्तरांना ओढून घेऊन आल्या. मास्तरांचा चेहरा हळूहळू परत वर आला. शेवटी त्यांना तिथून हलवायला टूरवाल्याला दोनदा यावं लागलं.

आणि तुम्हाला कळलं का, मोनालिसा आता वेगळं बिऱ्हाड करणार! 2025 च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जाहीर केलंय, तिला स्वतंत्र खोली, तिचं तिकीटही वेगळं. एवढ्या जणांची गर्दी होते तिच्यामुळे की त्याच जूनमध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी एक दिवस अचानक कामच थांबवलं होतं, दारात हजारो लोक ताटकळले. होऊ दे वेगळी. मोठ्या जावेने वेगळी चूल मांडली की घरातल्या बाकीच्यांकडे तरी बघतं कोणी.

अरे, पण दागिन्यांचं राहिलंच की! त्या अपोलोच्या दालनात सगळ्यात भारी नग कोणता? 'रीजंट' हिरा, 140 कॅरट. आणि तो कुठला? आपला! गोवळकोंड्याचा, कृष्णेकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला. सांगतात की तो खाणीतल्या एका गुलामाला सापडला, त्याने पोटरीला जखम करून पट्टीत लपवला, आणि जहाजाच्या कप्तानाने त्याला मारून हिरा घेतला. ही झाली दंतकथा. पण पुढचं खरं : मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट, त्याने जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून 48,000 पगोडांना घेतला. म्हणजे 20,400 पौंडांना. आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे राजाच्या नावाने कारभार बघणाऱ्याला, विकला किती? 1 लाख 35 हजारांना! मधल्या वर्षांत लोक एवढं बोलायचे पिटच्या मागे, की त्याला झोप लागत नसे म्हणे. न लागायला काय झालं? नातू आणि पणतू दोघंही इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

हा रीजंटही एकदा चोरीला गेलेला बरं का, 1792 मध्ये, राज्यक्रांतीच्या गोंधळात. पुढच्या वर्षी एका माळ्यावर सापडला, छपराच्या लाकडात. 1887 मध्ये सरकारने राजघराण्याचे बहुतेक दागिने लिलावात काढले (आणि मग शंभर वर्षं तेच दागिने जादा पैसे देऊन परत विकत घेत बसले, हा शहाणपणा), तेव्हाही हा ठेवला. आणि या वेळच्या चोरांनी? हातसुद्धा लावला नाही! युजेनीचा मुकुट नेताना पाडला, आणि आपला हिरा जागच्या जागी. आमचे हे म्हणाले, "आपल्याकडची वस्तू परत आपल्याकडे आणायची कोणाला बुद्धी नाही." मी म्हटलं, हळू बोला, पेरुजाही हेच म्हणाला होता.

पुढे सहाव्या दिवशी काही संशयित पकडले, आणि म्युझियमने उरलेल्यातले काही दागिने फ्रान्सच्या रिझर्व्ह बँकेच्या तळघरात नेऊन ठेवले.

तर तुम्ही जाणार असाल ना, एवढं लक्षात ठेवा. जानेवारी 2026 पासून आपल्यासारख्या बाहेरच्यांना तिकीट 22 वरून 32 युरो झालंय, तेही वेळेसकट आधी ऑनलाइन काढायचं. अपोलोचं दालन उघडं आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री 9 पर्यंत उघडं असतं, संध्याकाळची वेळ घ्या, जरा श्वास घेता येतो. मोनालिसाला एक नमस्कार करा, लगेच मागे वळा आणि लग्नाला थांबा. टूरवाला कितीही हाका मारू दे. आणि मंगळवारी चुकूनही जाऊ नका, मंगळवारी लूव्र बंद असतं.